नाण्यावरची रेघ पडली कधी?

चांदीचं एखादं जुनं नाणं दिव्याखाली धरावं, हलकेच तिरपं करावं, आणि मोकळ्या जागेत केसाहून बारीक रेघांचा झुबका लखकन चमकून जावा. नाणी जमवणाऱ्याच्या पोटात तेवढ्यानं गोळा येतो. ‘कुणीतरी पुसलंय’ हा पहिला विचार, आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा ठरतो. नाणं बाजूला पडतं, पाकिटावर शेरा बसतो.

माझ्याकडे १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेला एक मॉर्गन डॉलर आहे. ३८ मिलिमीटरच्या आसपास व्यास, ९० टक्के चांदी, एका बाजूला डावीकडे पाहणारा स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा. त्या चेहऱ्यासमोर, नाक आणि ओठांच्या पुढच्या मोकळ्या जागेत, तिरक्या रेघांचा एक पट्टा आहे. गालावरही काही रेघा आहेत. एका जाणत्या संग्राहकानं तो हातात घेतला आणि लगेच म्हणाले, “साफ केलेला आहे.” मी मान डोलावली आणि पाकिटावर तसं लिहूनही टाकलं. कित्येक वर्षं तो शेरा तसाच राहिला. मग एकदा चांगलं भिंग आणि एकच दिवा घेऊन निवांत बसलो, तेव्हा दिसलं की चेहऱ्यासमोरच्या रेघा आणि गालावरच्या रेघा एका जातीच्या नाहीतच.

तेव्हापासून कुठल्याही नाण्यावर रेघ दिसली की मी आधी एवढंच विचारतो: ही पडली कधी? चकती अजून कोरी होती तेव्हा, नाणं पाडताना, की ते टांकसाळीबाहेर पडल्यावर? याचं उत्तर हाती आलं की साफसफाईचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

एवढा काथ्याकूट कशाला, असं नव्यानं जमवायला लागलेल्यांना वाटेल. पण नाण्याला टांकसाळीत मिळालेला पृष्ठभाग एकदाच मिळतो. घासून गेलेला थर परत आणायची सोय नाही. म्हणून तर नाण्यांची प्रत ठरवून ती सीलबंद प्लास्टिकमध्ये घालून देणाऱ्या पीसीजीएस (कामाला सुरुवात १९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी कंपन्या साफ केलेल्या नाण्याला १ ते ७० मधली नेहमीची प्रत देत नाहीत. ‘डिटेल्स’ असा शेरा देऊन फक्त झीज किती आहे ते सांगतात आणि दोष नोंदवतात. पीसीजीएसच्या यादीत साफ केलेल्या नाण्यासाठी ९२ हा स्वतंत्र क्रमांकच आहे. असा शेरा बसला की नाण्याची किंमत चांगलीच उतरते. आणि टांकसाळीतूनच रेघा घेऊन आलेल्या निर्दोष नाण्यावर पुसल्याचा आळ आला, तर तेही नुकसानच.

आधी दिवा

खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि एकच ठेवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात किंवा ढगाळ दिवशी खिडकीपाशी बारीक रेघा झाकल्या जातात. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या टोकदार उजेडात त्या लपत नाहीत. नाणं कडेनं धरायचं, खाली मऊ कापड पसरायचं, आणि दिव्याखाली तिरपं ठेवून सावकाश पूर्ण गोल फिरवायचं.

रेघेच्या लांबीला आडवा उजेड पडला की ती चमकते, लांबीच्या दिशेनं पडला की नाहीशी होते. म्हणजे प्रत्येक सरळ रेघ एका पूर्ण फेरीत दोनदा उजळते. या एवढ्याशा निरीक्षणात पुष्कळ काही सापडतं. एका हातानं, एका दिशेनं पुसलेल्या रेघा सगळ्या एकदम उजळतात आणि एकदम विझतात. खिशातून, थैल्यांतून, गल्ल्यांतून फिरताना पडलेल्या रेघा वाटेल त्या दिशेच्या असतात. त्यामुळे नाणं कसंही फिरवा, थोड्या इथे, थोड्या तिथे, अशा आळीपाळीनं त्या चमकत राहतात.

इथे एक फसगत होते, तिच्यापासून सावध राहा. रेघा कशाही आडव्यातिडव्या असल्या तरी एका दिव्याखाली त्यांची गोल कडी दिसतात, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती. घासलेल्या स्टीलच्या भांड्यात दिव्याच्या ठिपक्याभोवती वर्तुळं दिसतात, अगदी तशी. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गोल गोल घासलंय. खात्री करायची असेल तर नाणं जागच्या जागी फिरवा, किंवा दिवा थोडा सरकवा. वर्तुळांचा मध्य दिव्याच्या प्रतिबिंबाबरोबर सरकला तर तो नुसता उजेडाचा खेळ आहे. मध्य नाण्यावरच्या एकाच जागेला चिकटून राहिला, उदाहरणार्थ कानाच्या पाळीला, तर मात्र अंगठा खरोखरच गोल फिरलेला आहे.

नाणं प्लास्टिकच्या डबीत असेल तर आणखी एक काम. चरे डबीवरही असतात, आणि ते नाण्यावरचे वाटून भलाभला फसतो. डबी डावी-उजवीकडे कलती करा. प्लास्टिकवरची रेघ खालच्या चित्रावरून सरकल्यासारखी दिसेल, नाण्यावरची रेघ चित्राला घट्ट धरून राहील.

डायची रेघ

नाणं पाडायचं तर धातूची कोरी चकती दोन पोलादी डायच्या, म्हणजे ठशांच्या, मध्ये ठेवून जोरानं दाबतात. डायवर सगळं उलटं असतं. नाण्यावर जे उठावाचं दिसतं ते डायवर खोल गेलेलं असतं, आणि नाण्यावरची चित्र-अक्षरांमधली सपाट मोकळी जागा, जिला संग्राहक फील्ड म्हणतात, ती डायवर सगळ्यात वर असते. हे चित्र मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

डाय तयार करताना, आणि वापरात खराब झाल्यावरही, ती घासून गुळगुळीत करतात. घासायला एमरीसारखी खरखरीत भुकटी वापरली की पोलादावर बारीक चर पडतात. मग पुढच्या प्रत्येक ठोक्याला चकतीचा धातू त्या चरांत शिरतो आणि नाण्यावर रेघ उमटते ती वर आलेली. तिथे धातू कमी झालेला नसतो, बारीकसा बांध उभा राहिलेला असतो. नाणं टांकसाळीबाहेर पडल्यावर लागलेला चरा मात्र नेहमी आत गेलेला असतो. डायच्या रेघेत आणि पुसल्याच्या रेघेत मूळ फरक तो हाच. बाकीच्या सगळ्या खुणा यातूनच निघतात.

पण एवढी बारीक रेघ वर आहे की आत, हे डोळ्यांना कळणं अवघड असतं. आपला मेंदू उजेड वरूनच येतोय असं धरून चालतो, त्यामुळे दिवा खालच्या बाजूला असेल तर खड्डा उंचवट्यासारखा आणि उंचवटा खड्ड्यासारखा दिसू लागतो. चंद्रावरच्या विवरांच्या फोटोत हा भास पुष्कळांनी घेतलेला असेल. यावर मी वापरतो तो उपाय साधा आहे: शेजारच्या अक्षराची साक्ष काढायची. अक्षर उठावाचं आहे हे नक्की. दिवा डावीकडे ठेवला तर अक्षराची दिव्याकडची, म्हणजे डावी, बाजू उजळेल आणि उजवीकडे सावली पडेल. आता भिंगातून रेघेकडे पाहा. तिचीही डावी बाजू उजळ आणि उजवी काळसर असेल, तर ती अक्षरासारखीच वर आलेली आहे. उलट असेल, दिव्यापासून लांबची भिंत उजळलेली असेल, तर ती खोलगट आहे. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठळक रेघांचं हे जमतं. अगदी नाजूक रेघांसाठी वीस-तीसपट दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो. माझ्या डॉलरच्या चेहऱ्यासमोरच्या रेघा मी त्याखालीच पाहिल्या, आणि त्यांच्या उजळ बाजू शेजारी उठावात असलेल्या ताऱ्याच्या उजळ बाजूशी तंतोतंत जुळत होत्या.

दुसरी खूण याहून सोपी, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. डाय घासताना तिचा सगळ्यात वरचा भाग घासला जातो, म्हणजे फील्ड. अक्षरं आणि चित्र त्या वेळी खोल खड्ड्यात सुरक्षित असतात. घासणारी वस्तू त्या खड्ड्यावरून नुसती पलीकडे जाते. म्हणून नाण्यावर डायची रेघ अक्षरापर्यंत येते, कडेला अचूक थांबते, अक्षराच्या माथ्यावर तिचा मागमूस नसतो, आणि पलीकडच्या बाजूला त्याच सरळ ओळीत ती पुन्हा सुरू होते. जणू अक्षराखालून बोगद्यातून गेली. कापड, बोट, ब्रश यांना हे जमत नाही. ते उंच अक्षरावर आधी टेकतात आणि त्याच्या पायथ्याशी, जिथे फील्ड आणि अक्षर मिळतात त्या कोपऱ्यात, पोचतच नाहीत.

हे बघायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे बंदिस्त पोकळी असलेले आकडे आणि अक्षरं. १८८१ मध्ये दोन आठ आहेत आणि प्रत्येक आठात दोन इवलीशी घरं. माझ्या नाण्यावर बारीक तिरक्या रेघांचा दुसरा एक पट्टा या आकड्यांवरून गेला आहे. पहिल्या आठाच्या खालच्या घरात दोन रेघा आहेत, बाहेरच्या रेघांच्याच दिशेच्या, त्यांच्याच ओळीत. आठाच्या अंगावर काही नाही. त्या घरात कापडाचं टोकही शिरणार नाही, मग पुसणाऱ्याच्या हातून तिथे रेघ पडणार कशी?

डाय घासायची पाळी पुष्कळदा एका अपघातामुळे येते. चकती मध्ये न येताच दोन डाय एकमेकींवर आदळतात आणि एकीचं चित्र दुसरीवर पुसट उमटतं. ते घालवायला डाय घासतात. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत, बायसनचं चित्र असलेल्या पाच सेंटच्या नाण्याची एक डाय या नादात इतकी घासली गेली की बायसनचा पुढचा एक पायच गेला. ती तीन पायांच्या बायसनची नाणी आज संग्राहक मुद्दाम शोधतात. घासणं किती खोलवर जाऊ शकतं याचा याहून ढळढळीत दाखला मला माहीत नाही.

आणि एका डायखालून हजारो नाणी निघतात, त्यामुळे तिची रेघ एकट्या नाण्यावर कधीच नसते. त्याच डायच्या, त्याच काळात पडलेल्या दुसऱ्या नाण्यावर तीच रेघ, त्याच जागी, त्याच कोनात सापडते. असं दुसरं नाणं किंवा त्याचा चांगला मोठा फोटो मिळाला की वाद संपतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन नाणी पुसली आणि रेघा हुबेहूब एकाच जागी पडल्या, असं घडत नाही. मात्र या नियमाचा उलटा अर्थ काढू नका. जुळणारं नाणं सापडलं नाही म्हणजे रेघ डायची नाही, असं ठरत नाही. डाय पुष्कळ असतात, आणि घासल्याच्या रेघा पुढच्या ठोक्यांबरोबर हळूहळू झिजून पुसटही होतात.

झिजेचाच आणखी एक धागा आहे. डायची रेघ हा उंचवटा, तोही अत्यंत लहान. नाणं हातोहाती फिरू लागलं की फील्डमधले हे बारीक बांध लवकर झिजून जातात. त्यामुळे केसांच्या बटा सपाट झालेल्या, अक्षरं गोलसर झालेल्या नाण्यावर फील्डमध्ये टवटवीत, धारदार रेघा दिसत असतील, तर ‘त्या डायच्या आहेत’ हे विक्रेत्याचं म्हणणं मी मान्य करत नाही. नाक झिजलं आणि त्याच्यापुढचा केसाएवढा बांध तेवढा शाबूत राहिला, हे पटण्यासारखं नाही.

चकतीवरच पडलेल्या

काही रेघा नाणं पाडण्याआधीच्या असतात. धातूची पट्टी योग्य जाडीची करताना ती रुळांमधून ओढली जाते. तिथे कचरा अडकला की पट्टीवर एका दिशेचे समांतर ओरखडे उठतात, आणि पट्टीतून कापलेल्या चकतीवर ते तसेच येतात. पुढे डायचा दाब पडला की बहुतेक मिटतात. जिथे धातू डायच्या सर्वांत खोल भागात पुरता भरला नाही, तिथेच ते उरतात. असा भाग म्हणजे नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग, गाल किंवा कपाळाजवळच्या बटा. म्हणजे या रेघा डायच्या रेघांच्या बरोबर उलट जागी सापडतात: फील्ड स्वच्छ आणि गालावर समांतर चरे. आणि त्या आत गेलेल्या असतात, म्हणून त्यांना पुसल्याच्या रेघा समजण्याची चूक फार होते. भिंगातून बघताना मी त्यांच्या कडा तपासतो. दाबाखालून गेलेल्या चऱ्याच्या कडा बोथट, दबलेल्या असतात. नंतर पडलेल्या चऱ्याच्या कडा कोऱ्या, कधी किंचित उचकटलेल्या.

जुन्या काळच्या नाण्यांवर कानशीचे जाडसर ओरखडेही दिसतात. वजन जास्त भरलेली चकती कानशीनं घासून बेताची करत असत आणि मग तिच्यावर छाप मारत. कमी भरली तर ती बहुधा वितळवावीच लागे, म्हणून चकत्या थोड्या जड ठेवणंच सोयीचं होतं. अमेरिकेचे १७९४-९५ मधले पहिले डॉलर यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि युरोपातल्या त्या काळच्या थालर नावाच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवरही अशा खुणा भेटतात. त्या जाड असतात, बहुधा कडेशी किंवा मध्यावरच्या उंच भागावर, आणि त्यांच्यावरून अक्षर किंवा दात्यांची कड छापलेली दिसते. ओरखडा छापाखाली आहे, हे एकदा डोळ्यांना सापडलं की शंका राहत नाही.

हातानं पडलेल्या

आता खरोखर पुसलेल्या नाण्याकडे. मऊ कापडानं हलकेच पुसलं तर काय बिघडतं, हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याचा हेतू नेहमी चांगला असतो. उत्तर धुळीत आहे. खनिजांची कठीणता मोजायच्या मोहस् मापावर चांदी २.५ ते ३ वर येते, सोनंही तेवढंच, तांबं ३ वर. धुळीत मिसळलेली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, ते ७ वर. कापड कितीही मऊ असो, त्याच्या आणि नाण्याच्या मध्ये एक कण सापडला की चरा पडणारच. टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, चांदी उजळवायचं पॉलिश यांत तर घासणारे कण मुद्दाम घातलेले असतात.

पुसल्याच्या रेघा कशा दिसतात? समूहानं, एका दिशेनं, कधी बोटाच्या वळणाप्रमाणे किंचित कमानदार. फील्ड आणि चित्र असा भेद त्या पाळत नाहीत. फील्डमधून निघून गालावर चढतात, केसांवरून जातात, अक्षरांच्या माथ्यावरही उमटतात. त्यांच्या मार्गातली न पोचलेली जागा हाच उत्तम पुरावा असतो. प्रत्येक अक्षराभोवती, आकड्यांच्या घरांत, चित्राच्या पायथ्याशी जुना काळपट रंग तसाच उरतो आणि बाकीचं फील्ड फटफटीत उजळ दिसतं. अक्षरांना काजळ घातल्यासारखी ही किनार दिसली की मी रेघा मोजतही बसत नाही.

मग झळाळी पाहायची. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यावर उजेडाचे पट्टे मध्यातून कडेकडे, पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरतात. छापाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो, आणि झिजत्या डायच्या अंगावर व नाण्याच्या अंगावर त्याच्या अतिसूक्ष्म त्रिज्येसारख्या रेघा उमटतात. फिरता उजेड त्यांच्यामुळे दिसतो. या रेघाही भिंगाखाली घाबरवतात, पण त्या कडेला काटकोनात जाणाऱ्या असतात आणि नाण्याचं खरं वैभव असतात. पुसल्यानं हेच तुटतं. फिरणारं पातं पुसलेल्या जागी अडखळतं, किंवा फिरतच नाही आणि सगळं नाणं एकदमच चमकतं. फिरत्या तारेच्या ब्रशनं खोटी झळाळी आणलेली नाणीही असतात. त्यात पृष्ठभागावरचा धातू लोटला जातो आणि अक्षरांच्या कडेला भिंगाखाली त्याची इवली वळकटी दिसते.

रंग आणि रेघ यांत आधी कोण आलं, हेही वाचता येतं. चांदीवर हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो जाड होत जातो तसा पिवळसर सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा दिसतो. रेघ या रंगाला चिरून जात असेल आणि तळाशी पांढरी चांदी दिसत असेल, तर रेघ रंगानंतरची, म्हणजे अलीकडची. रंग रेघेच्या आतही अखंड उतरला असेल तर रेघ जुनी. कुणीतरी पुष्कळ वर्षांपूर्वी पुसलं आणि नंतर नाण्यानं पुन्हा रंग धरला. अशा नाण्यांवर विक्रेते ‘मूळ रंग’ असं सर्रास लिहितात. रंग खरा असतो, पण पृष्ठभाग मूळचा नसतो, आणि हा भेद घेणाऱ्याला कळायलाच हवा.

आरशासारख्या फील्डच्या प्रूफ, म्हणजे खास निगुतीनं पाडलेल्या, नाण्यांवर एकदा फिरवलेला रुमालही दिसून येतो. तिथे गुळगुळीत पृष्ठभाग काहीच झाकत नाही.

रेघ दिसली नाही म्हणजे नाणं अस्पर्श, असंही समजू नका. चांदी उजळवायच्या द्रावणात, ज्यात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं, नाणं बुडवून काढलं तर एकही चरा पडत नाही. पण रंगाबरोबर चांदीचाही अगदी पातळ थर जातो. एकदा, थोडा वेळ बुडवलं तर ओळखणं कठीण. वारंवार बुडवलेलं नाणं मात्र पांढरं आणि निष्प्राण दिसतं, फिरतं पातं मंदावलेलं असतं. तांब्याच्या नाण्याला असं काही केलं की ते एका विचित्र गुलाबी-केशरी छटेवर येतं, जी नव्या तांब्याचीही नसते आणि जुन्याचीही नसते. याउलट मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला हिरवट चिकट थर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून, न घासता काढला, तर धातूला धक्का लागत नाही. याला मी साफसफाईच्या पंगतीत बसवत नाही. पेट घेणारा पदार्थ आहे, एवढं मात्र सांभाळा.

जमिनीतून निघालेल्या प्राचीन नाण्यांना हे निकष जसेच्या तसे लावू नयेत. मातीचा आणि क्षारांचा थर काढल्याशिवाय ती वाचताच येत नाहीत, त्यामुळे जवळजवळ सगळीच कधी ना कधी साफ झालेली असतात. तिथे काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची. झिजलेला तपशील कुणी नव्यानं कोरला आहे का, आणि खडबडीत फील्ड खरवडून गुळगुळीत केलं आहे का, हे बघायचं.

राहिल्या नाणं बाहेर पडल्यानंतरच्या, पण पुसण्याशी संबंध नसलेल्या रेघा. नाणी मोजायच्या यंत्राचं रबरी चाक एकाच ठिकाणी वक्र, समांतर चऱ्यांचा ठळक पट्टा उठवतं. पुठ्ठ्याच्या पाकिटाची टाचणी काढताना एकच खोल ओरखडा पडतो. लाकडी कपाटाच्या खणात वर्षानुवर्षं सरकत राहिलेल्या नाण्यांच्या उंच भागांवर पुसट घासण उमटते. आणि जुने अल्बम. त्यांत नाण्यावर प्लास्टिकची पट्टी सरकवून बसवायची सोय असते. ती दर वेळी आत-बाहेर करताना नाण्याच्या सगळ्यात उंच जागेवर घासते, आणि तिथे सरळ, समांतर, आत गेलेल्या रेघा पडतात. फील्डला ती स्पर्शही करत नाही.

माझ्या डॉलरचा गाल मी या यादीशी ताडून पाहिला. रेघा खोलगट, सगळ्या आडव्या, गालाच्या फुगीर भागापुरत्या. केसांच्या खोबणीआधी संपलेल्या, हनुवटीखालच्या उतारावर नाहीत. कडा धारदार, म्हणजे चकतीवरच्या नव्हेत. गालावरच्या फिक्या सोनेरी रंगाला चिरून गेलेल्या, म्हणजे रंगानंतरच्या. फील्डमधलं उजेडाचं पातं मात्र अखंड फिरतं, चेहऱ्यासमोरच्या रेघांवरूनसुद्धा. पुढे त्याच टांकसाळीच्या त्याच सालच्या नाण्यांचे मोठे फोटो चाळताना एक असं सापडलं की ज्याच्या नाकापुढे तोच तिरका पट्टा होता, त्याच कोनात, आणि पहिल्या आठाच्या खालच्या घरात त्याच दोन रेघा. गाल स्वच्छ.

पाकिटावरचा जुना शेरा मी खोडला. आता तिथे दोन ओळी आहेत: ‘फील्डमध्ये डायच्या रेघा. गालावर अल्बमच्या पट्टीचे चरे.’